पुष्पलता मॅडम मनाडोला जातात

पूर्व नागपुरातल्या कितीतरी पोरांना पाण्यातला पहिला धक्का पुष्पलता हेडाऊनं दिला आहे. त्यातले काही आता डॉक्टर झाले, काही बुटीबोरीच्या कारखान्यांत इंजिनिअर आहेत, एक जण नगरसेवकपदाला उभा राहून पडलासुद्धा. पण रस्त्यात मॅडम दिसल्या की ही थोराड माणसं अजूनही पोट आत घेऊन सरळ उभी राहतात. एका क्रीडा मंडळाच्या तलावावर ती प्रशिक्षक आहे. गळ्यात शिटी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि आवाज असा की पाण्याखाली असलेल्यालाही ऐकू यावा.

ती मूळची मौद्याची. घरामागे कन्हान नदी. पोहायला तिला कोणी शिकवलं नाही. म्हशींबरोबर पाण्यात उतरली आणि म्हशींच्या आधी पैलतीराला पोचायला लागली. शाळेच्या गुरुजींनी ते पाहिलं आणि तिला नागपूरच्या स्पर्धेला नेलं. तिथून बक्षिसं, मग नोकरी, मग लग्न. नवरा जितेंद्र गोळीबार चौकाकडचा, विणकरांच्या घरातला. माग वडिलांच्या काळातच बंद पडले होते, म्हणून तो गांधीबागेत साड्यांच्या ठोक दुकानात सेल्समन म्हणून लागला आणि तिथेच राहिला. मनगटाच्या एका झटक्यात सहावारी साडी गिऱ्हाइकापुढे नदीसारखी सोडायची ही त्याची कला. खरी नदी मात्र त्याला चालत नसे. पाण्याला तो भीत असे. त्याला कारण काही नव्हतं. लहानपणी तो बुडाला नव्हता, बुडालेलं कोणी पाहिलंही नव्हतं. लोक कारण विचारत तेव्हा तो म्हणे, "कारण असतं तर इलाज केला असता ना बाप्पा."

पुष्पलतानं त्याला कधी टोकलं नाही. भीतीला कारण लागत नाही हे तिला धंद्यानंच शिकवलं होतं. शिवाय घर, तलाव आणि मुलगी करिष्मा यांत वर्षं निघून गेली. मध्ये एकदा तिचा डावा कान वाहायला लागला, पडद्याला भोक पडलं, ऑपरेशन झालं. काही महिने तलावाच्या काठावर खुर्ची टाकून शिकवलं, मग कानात बूच घालून पुन्हा पाण्यात.

समुद्र तिनं पाहिला होता तो पुरीचा. कुटुंबाची सहल होती. ती कमरेइतक्या पाण्यात गेली तेवढ्यात तिथल्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षकानं तिचा दंड धरला आणि काठावर आणून ओरडला, बाईंना पोहता येत नाही तर इतक्या आत कशाला जायचं. जितेंद्र वाळूत बसून पोट धरून हसला. ती मात्र हसली नाही. इतकी वर्षं पाण्यात काढली आणि समुद्रानं आपल्याला दारातूनच परत पाठवलं, हे तिला लागलं होतं.

दोन वर्षांपूर्वी रीना तलावावर आली. रीना तिची जुनी विद्यार्थिनी, आता बंगळूरला नोकरीला. ती इंडोनेशियाला जाऊन आली होती. बालीला नाही, तिथे तर सगळेच जातात. ती गेली होती सुलावेसी बेटाच्या टोकावरच्या मनाडो नावाच्या शहरात. तिनं मोबाइल पुढे केला. "मॅडम, हे पाहा. मनाडोहून होडीनं गेलं की बुनाकेन बेट लागतं. तिथे कंबरभर पाण्यात चालत जावं अन् एकदम जमीनच संपते. पाण्याखाली भिंत आहे, सरळ खाली."

पुष्पलतानं पाहिलं. उथळ, उजळ पाणी, त्यात रंगीत प्रवाळ, आणि मग कडा. कड्यापलीकडे नुसता निळा रंग, ज्याला तळ नव्हता. भिंतीला चिकटून एक कासव आरामात वर येत होतं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

संध्याकाळच्या बॅचची पोरं कपडे बदलून काठावर येऊन उभी राहिली, तरी मॅडम मोबाइलमध्येच.

घरी जेवताना तिनं विषय काढला.

"मनाडो?" जितेंद्रनं घास थांबवला. "हे मनमाडच्या पुढं आहे का?"

"इंडोनेशियात आहे. मले जायचं आहे."

"कायले?"

"भिंत पाह्यले."

जितेंद्रनं मुलीला फोन लावला. करिष्मा पुण्याला असते, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मस्त! मी शोधते." बापाला वाटलं होतं ती आईला समजावेल. मग त्यानं मोठी बहीण कुसुमताई हिला बोलावलं. कुसुमताईनं चहा घेत विचारलं, "काहून वं पुष्पा, आपलं अंदमान नाही का? तिथं हिंदी तरी बोलतेत. तिथं पोळी भेटन."

"अंदमानलेही जाऊ कधीतरी, ताई. पण मी ही भिंत पाह्यली ना."

कुसुमताईनं कप खाली ठेवला. समजावणारी माणसं संपली.

मनाडोला नेणारी यात्रा कंपनी नागपुरात कुठे मिळेना. एकानं बाली सुचवलं, दुसऱ्यानं बालीच स्वस्तात सुचवलं. शेवटी ठरलं की करिष्मा पुण्याहून सगळं जुळवेल आणि हे दोघंच जातील. पण पुष्पलतानं एक अट घातली. "होडीत बसाचं आहे. भर समुद्रात. ज्याले पोहता येत नाही त्याले मी होडीत नेत नाही. मंग तो माहा नवरा का असेना."

"मंग मी हॉटेलात बसतो."

"हॉटेलात बसाले तिथवर कायले येता? आपल्या नागपुरात सदरला पुष्कळ हॉटेलं आहेत."

अशा रीतीनं जितेंद्र हेडाऊ, वय अठ्ठावन्न, गुडघ्यापर्यंतची निळी चड्डी घालून सकाळच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बॅचमध्ये उभा राहिला. आणि इथे पुष्पलताला स्वतःबद्दल एक नवी गोष्ट कळली. तीन वर्षांच्या किंचाळणाऱ्या पोराशी ती तासभर गोड बोलू शके. नवऱ्याशी पाच मिनिटं नाही. "पाय सरळ! गुडघा काहून वाकवता? सांगून राहिली ना, श्वास सोडा! पाण्यात सोडा!" चौथ्या दिवशी त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं, तो खोकत काठाला लटकला आणि ती वरून म्हणाली, "एवढ्याशा पाण्यात कोणी बुडत नाही." त्यानं शिडी धरली, टॉवेल घेतला आणि स्कूटर काढून दुकानात निघून गेला. ओल्या केसांनी.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरात बोलणं मीठ द्या, दार लावा इतकंच.

तोडगा काढला चारुशीलानं. ती तलावावरची दुसरी प्रशिक्षक, पुष्पलतापेक्षा बरीच लहान, आणि मॅडमला तोंडावर बोलू शकणारी एकटीच. "मॅडम, काकांना मी शिकवते. पण तुम्ही तिथे यायचं नाही. खिडकीतूनही पाहायचं नाही."

"मी काय करते गं त्यायले?"

"तुम्ही त्यांच्याकडे पाहता ना, मॅडम, तेच करता."

पुष्पलताला राग आला. पण रात्रभर विचार केल्यावर पटलं. तिनं आपली वेळ बदलून घेतली. जितेंद्र पुन्हा यायला लागला. त्याचं काय चाललं आहे हे ती विचारत नसे आणि तो सांगत नसे. फक्त घरी आल्यावर तो आता दोन पोळ्या जास्त खात होता, आणि एकदा आंघोळीच्या बादलीत तोंड बुडवून बुडबुडे काढताना तिला सापडला. ती आल्या पावली परत गेली.

इकडे मनाडोची तयारी वाढत होती. करिष्मानं रस्ता काढला: नागपूरहून मुंबई, मुंबईहून सिंगापूर, तिथून सरळ मनाडो. जेवणाची चिंता मिटली, कारण मनाडोचे लोक मासे आणि मिरची यांवरच जगतात असं वाचनात आलं. सावजी रस्सा पचवणाऱ्या घराला आणखी काय हवं. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा जितेंद्र मोबाइलवर तिथली भाषा शिकायला लागला. एक दिवस तो हसतच घरी आला.

"पुष्पा, त्यायच्या भाषेत नवऱ्याले काय म्हणतेत माहीत आहे का? सुआमी. म्हणजे स्वामी! अन् बायकोले इस्त्री."

"मंग तिथं गेल्यावर कपडे तुम्हीच प्रेस कराल, स्वामी."

कितीतरी दिवसांनी दोघं मोकळं हसली.

जाण्याची वेळ ठरली जूनच्या अखेरीची. उन्हाळी शिबिरं जूनच्या मध्याला संपतात. त्याआधी नागपुरातला कोणताही पोहण्याचा प्रशिक्षक गाव सोडू शकत नाही. पंचेचाळीस डिग्रीत अख्ख्या शहराला पाण्यात यायचं असतं. तिकिटं झाली. आणि एप्रिलात बातमी आली की मनाडोच्या उत्तरेला रुआंग नावाच्या बेटावर ज्वालामुखी फुटला आहे. राख इतकी की मनाडोचा विमानतळ बंद. टीव्हीवर लाल आग, वर जांभळं आकाश, त्यात विजा.

कुसुमताई त्याच दिवशी आली. "आता तरी समजा. तो डोंगर तुमालेच सांगून राह्यला की येऊ नका म्हणून."

पुष्पलता पाण्याला कधी भ्याली नव्हती. पण आग आणि राख हा तिचा प्रांत नव्हता. शिवाय आता ती एकटी जाणार नव्हती. जो माणूस गांधीबागेच्या पुढे जायला कुरकुरत असे त्याला आपण आपल्या हट्टापायी ज्वालामुखीजवळ नेतो आहोत, ही गोष्ट तिला टोचायला लागली. दोन दिवस ती त्या डोंगराच्या आगीचाच व्हिडिओ पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं जितेंद्रला सांगितलं, "करिष्माले म्हणते, तिकिटं रद्द कर. अंदमानच बरं."

जितेंद्र वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं ते खाली ठेवलं.

"मी टँकमध्ये इतकं पाणी पेलो, ते काय अंदमानसाठी पेलो?"

"अहो, डोंगर फुटला आहे."

"फुटला तर थंडबी होईन. जूनले दोन महिने आहेत. तेव्हा विमान उडत असन तर जाऊ, नाही तर घरी बसू. आताच कायले रद्द कराचं?" मग तो म्हणाला, "काल मी आडवा टँक पार केला. न थांबता. चारुशीलानं सांगितलं नसन तुले."

चारुशीलानं सांगितलं नव्हतं. पुष्पलता उठून आत गेली आणि उगाचच गॅसवर चहा ठेवला. तिला काय वाटत होतं ते तिलाच धड कळत नव्हतं. हजारो लोकांना तिनं तलाव पार करताना पाहिलं होतं आणि नेमकं हेच पाहायचं राहून गेलं होतं.

एप्रिलच्या शेवटी तो डोंगर पुन्हा एकदा फुटला आणि मग हळूहळू शांत झाला. विमानं सुरू झाली. मे महिन्यात बुनाकेनच्या डायव्हिंग केंद्राकडून करिष्माला प्रश्नावली आली: हृदय, फुप्फुसं, कान. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं असेल तर डॉक्टरला दाखवून या, असं त्यात होतं. दोघं धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिच्या डाव्या कानात बराच वेळ पाहिलं.

"पोहायला हरकत नाही. पण टाकी घेऊन खाली जायचं नाही. पडदा नवा बसवलेला आहे, पाण्याचा दाब सोसणार नाही. फाटला तर या कानानं ऐकू येणं जाईल, आणि खोल पाण्यात चक्कर आली तर जीवही."

"थोडंसंच खाली गेलं तर?"

"नाही."

जितेंद्र सोबत होताच, म्हणून डॉक्टरांनी त्याचेही कान पाहिले. "तुमचे अगदी उत्तम आहेत," ते म्हणाले, आणि त्या क्षणी हे ऐकून दोघांपैकी कोणालाच आनंद झाला नाही.

बाहेर स्कूटरजवळ ती उभी राहिली. ऊन डोक्यावर तापत होतं. "त्या लोकायले सांगाची काय गरज आहे?" ती म्हणाली. "कान बाहेरून तर दिसत नाही."

"पुष्पा."

"इतकी वर्षं मी पाण्यात आहे. माह्या कानाचं मले कळत नाही का?"

"एखाद्या पोरानं असं लपवलं तर तू त्याले पाण्यात घेशीन?"

ती स्कूटरची सीट पुसायला लागली.

"तू लपवशीन तर मी येत नाही," जितेंद्र म्हणाला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. इतक्या सरळ आवाजात त्यानं तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. "घरीच राहू. मी दुकानात जातो, तू टँकवर जा. पण तसं नाही."

त्या आठवड्यात ती शिबिरात नेहमीपेक्षा जास्त ओरडली. पोरं घाबरून भराभर शिकली. मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता तिनं करिष्माला फोन केला: माझ्यासाठी टाकी नको, नुसता डोळ्यांवरचा मास्क आणि तोंडात धरायची नळी. वरून जेवढं दिसेल तेवढं पाहीन. फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "तुमचे कान चांगले आहेत म्हणते डॉक्टर. तुम्ही जा खाली. अन् मले सांगा काय दिसलं ते."

"मी?" जितेंद्र इतकंच म्हणाला. पण नेहमीच्या डॉक्टरांकडून त्यानं तब्येतीचा दाखला आणून ठेवला. नुसता असावा म्हणून, असं तो म्हणाला.

जूनच्या अखेरीस ते मनाडोला उतरले. शहर डोंगरउतारावरून समुद्रापर्यंत पसरलेलं. जागोजागी चर्च, नारळ, निळ्या छोट्या गाड्या आणि त्यांतून मोठ्यानं वाजणारी गाणी. पहिल्याच जेवणात माशावर आलेली मिरची, कांदा, टोमॅटोची ओली चटणी जितेंद्रनं चाखली आणि समाधानानं मान हलवली. वाढणारी बाई "पदास? पदास?" असं काळजीनं विचारत होती, म्हणजे तिखट लागलं का. त्यानं ताट पुढे करून आणखी मागितली. ती आत जाऊन दुसऱ्या बाईला घेऊन आली, बघायला.

दुसऱ्या सकाळी होडी निघाली. समोर मनाडो तुआ हा शंकूसारखा डोंगर सरळ समुद्रातून वर आलेला. जितेंद्रनं दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला होता. बुनाकेनजवळ होडी थांबली आणि पुष्पलता शिडीनं पाण्यात उतरली. पाणी कोमट होतं, तलावापेक्षा जड, खारं. ते तिला वर उचलत होतं. तिनं तोंड खाली केलं.

खाली प्रवाळांची बाग होती, हात लावता येईल इतकी जवळ. ती पुढे सरकली. आणि बाग संपली. तिच्या पोटाखालची जमीन निघून गेली आणि तिथे निळा रंग होता, आणखी खाली गडद निळा, आणि त्याखाली काहीच नाही. तिचे हातपाय आपोआप थांबले. उंच इमारतीच्या गच्चीवरून पुढे पाऊल टाकावं आणि पडूच नये, तसं ते होतं. मास्कच्या आत तिला रडू येत होतं की काय, ते तिनं तपासलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं मान वर काढली. होडीवर काळ्या रबरी पोशाखात, पाठीवर टाकी बांधलेला एक हडकुळा माणूस काठावर बसला होता. तिथला प्रशिक्षक त्याला हातानं खुणा समजावत होता. तो जितेंद्र आहे हे कळायला तिला क्षणभर लागला.

"अहो! खरंच जाता का?"

"मंग काय! तुले सांगाचं आहे ना काय दिसलं ते," तो ओरडला. प्रशिक्षकानं त्याचा पट्टा धरला आणि दोघे पाण्यात शिरले.

ती वर तरंगत राहिली. तिच्याखाली, भिंतीच्या कडेनं, दोन आकृत्या हळूहळू उतरत होत्या. त्यातल्या एकीचे गुडघे वाकलेले होते. बुडबुडे एकसारखे वर येत होते आणि तिच्या पोटावर, गळ्यावर फुटत होते. आधी भराभर, घाबरल्यासारखे. मग त्यांच्यात अंतर पडलं. श्वास जमला आता, तिच्या मनात आलं. एका जागी तो थांबला. भिंतीच्या कपारीत एक मोठं कासव बसलं होतं. जितेंद्र आणि कासव एकमेकांकडे पाहत राहिले. मग त्यानं मान वर केली. तिला पाहिलं. आणि दुकानात गिऱ्हाइकापुढे साडी सोडतो तसा एक हात झटकून त्यानं ती अख्खी भिंत तिला दाखवली.

होडीवर आल्यावर तो बाकावर टेकला. ओठ पांढरे पडले होते आणि तो हसत होता.

"काय दिसलं?" तिनं विचारलं.

"अवं, काय सांगू. मोठं आहे वं. लय मोठं आहे."

"अन् खाली?"

"खाली नाहीच काही. खाली आहेच कुठं?"

"गुडघे वाकवून राहिले होते तुम्ही," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

दुसऱ्या दिवशी तो पाण्यात उतरला नाही. एकदा झालं तेवढं पुरे, असं म्हणून होडीच्या सावलीत झोपला. पुष्पलता एकटीच भिंतीच्या कडेकडेनं पोहत गेली, पुष्कळ लांब. नावाड्याला तिला परत आणायला होडी वळवावी लागली. "इबू! इबू!" तो हाका मारत होता, म्हणजे आई, बाई. तिनं ऐकलं, पण लगेच वळली नाही. शिडी धरल्यावरही ती पाण्यातच होती, तोंड खाली घालून.

मग वर आली, केस पिळले, आणि जितेंद्रला हलवून विचारलं, "उठा हो स्वामी, जेवाले काय आणलं आहे?"